माट्शकाका

घरच्या माणसांना नमस्कार करायच्या आधी ते मुलाच्या मानेला हात लावायचे. दार उघडलं की एका हातानं बूट काढता काढता दुसरा हात पुढे यायचा आणि पोराच्या कॉलरमागे दोन बोटं सरकायची. मान कोरडी आणि कोमट लागली तर "शाबास" म्हणून मग आमच्याकडे वळायचे, "काय वहिनी, कसं काय?" मान ओली लागली तर आमचं काही खरं नसायचं.

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा निहारची मान ओलीचिंब होती. पुण्याहून जर्मनीतल्या आखनला येऊन आम्हाला जेमतेम एक ऋतू झाला होता. नवरा तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होता, मला एका संशोधन संस्थेत करारावरची नोकरी मिळाली होती, आणि अडीच वर्षांचा निहार किटात, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, जायला लागला होता. जात होता म्हणण्यापेक्षा परत येत होता म्हणणं जास्त खरं. सोमवारी सोडावं, बुधवारी फोन यावा, ताप आहे, घेऊन जा. तो बरा होईपर्यंत मला सर्दी, मी बरी होईपर्यंत नवऱ्याला, आणि तोवर निहार किटातून नवीन काहीतरी घेऊन आलेला. माझा बॉस सज्जन माणूस होता. पण फोन वाजला की तोही हल्ली माझ्याकडे न बघता म्हणायचा, "जा, जा, निघ तू." करार वाढवायचा की नाही हे दुसऱ्या उन्हाळ्यात ठरणार होतं.

तर ते आले. नवऱ्याला युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी ओळख करून दिली होती: जुने नागपूरकर आहेत, फार वर्षांपासून इथे आहेत, काही अडलं तर सांगा. आम्हाला वाटलं होतं, घर किंवा व्हिसाबद्दल काही अडलं तर. त्यांनी आत येताच निहारच्या मानेला बोटं लावली, ती बोटं वर करून आम्हाला दाखवली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोट्ट्याला उकडून राहिले, बाप्पा."

निहारच्या अंगात एक बंडी, एक लोकरीचा स्वेटर, त्यावर सासूबाईंनी विणून पाठवलेला दुसरा स्वेटर आणि पायात दोन जोडी मोजे होते. हीटर पूर्ण वर होता. खिडक्या आम्ही ऑक्टोबरात लावल्या होत्या आणि मार्चमध्ये उघडायचा बेत होता.

"बाहेर बर्फ पडतोय काका," मी म्हटलं.

"बर्फ बाहेर पडून राहिला ना? मग बाहेरचे कपडे बाहेर घाला." आणि त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. आम्ही तिघं सोफ्यावर एकाच रजईत बसलो. ते शर्टावर, शांतपणे, घड्याळ बघत उभे राहिले. मग सगळ्या खिडक्या तितक्याच शांतपणे लावून म्हणाले, "झालं. आता चहा टाका."

ते एका पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. नवीन पंप बिघडेपर्यंत चालवून बघायचा आणि का बिघडला ते सांगायचं, हे त्यांचं काम. लग्न केलेलं नव्हतं. मुलांच्या प्रकृतीबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान पंपांवरून आलेलं होतं आणि ते लपवत नसत. "पोट्ट्याचं शरीर म्हणजे नवीन पंप. कपाटात ठेवला तर जाम होतो, पहिल्याच दिवशी पूर्ण प्रेशरवर सोडला तर फुटतो. रोज थोडं थोडं चालवा, वेळेवर बंद करा, पाणी स्वच्छ ठेवा." एकदा एका बाळंतिणीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं विचारलं, "आणि वॉरंटी?" काका म्हणाले, "ती आईबापांची असते, भाऊ. फक्त सर्व्हिसिंग वेळेवर करा."

गंमत अशी की प्रतिकारशक्तीवर बोलणारा हा माणूस स्वतः सतत शिंकत असायचा. एप्रिल लागला, बर्चची झाडं फुलली की त्यांचं नाक आणि डोळे वाहायला लागत ते थेट ऑगस्टपर्यंत. खिशात कागदी रुमालांची पाकिटं, हातात एक, बाहीत एक. कुणी नव्या माणसानं म्हटलं, "काका, सर्दी झालीय का?" तर ते रागावत. "ही सर्दी नाही. ही अ‍ॅलर्जी आहे. प्रतिकारशक्ती जास्त झाली की असं होते." आणि पुढची शिंक अभिमानानं देत.

त्यांचं नाव मुलांनी ठेवलं. दर रविवारी सकाळी ते आखनमधल्या मराठी घरांतली लहान मुलं गोळा करायचे आणि गावाबाहेरच्या जंगलात घेऊन जायचे. ऊन असो, पाऊस असो, चिखल असो. खरं म्हणजे चिखलच असो. चिखलाला जर्मनमध्ये माट्श म्हणतात, आणि मुलं आपापसात जर्मनच बोलायची, म्हणून हे झाले माट्शकाका. त्या जंगलात चालता चालता कधी बेल्जियम लागायचं, कधी हॉलंड. सरहद्दीवर एखादा दगड, बस्स. आमच्यापैकी कुणाचा व्हिसा कुठवर चालतो याची चिंता आम्हाला. मुलांना चिंता वेगळ्या. हॉलंडचा माट्श मऊ असतो आणि बेल्जियमचा बुटाला चिकटतो, असं निहार मला तिसऱ्या वर्षी सांगत असे.

आयांनी आधी विरोध केला. त्यावर त्यांनी स्वखर्चानं माट्शहोजं आणली, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी. त्या घालून मुलं डबक्यात बसत, लोळत, एकमेकांना थापत. पण परत येताना जंगलाच्या तोंडाशी पाण्याचा नळ होता आणि तिथे काकांचा दुसरा अवतार दिसे. खिशातून साबणाची वडी निघे. "गुडघ्यापर्यंत चिखल, कोपरापर्यंत साबण," हे त्यांचं ब्रीदवाक्य. हात धुवायचं एक गाणंही त्यांनी रचलेलं होतं:

तळवा धुतला, पाठ धुतली,
बोटांमधली गल्ली धुतली,
अंगठा बसला कोपऱ्यात रुसून,
त्याला काढा घासून पुसून.

गाणं दोनदा पूर्ण झाल्याशिवाय नळाखालून हात काढायचा नाही आणि हात पुसल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. ज्या मुलांना घरी 'पाणी आण' म्हटलं तर कळत नसे, ती हे गाणं खणखणीत मराठीत म्हणत. मोठी माणसंही सुटत नसत. एका दिवाळीच्या जेवणात एक प्राध्यापक थेट पानावर बसले, तेव्हा काकांनी त्यांना उठवलं, बेसिनपाशी नेलं आणि शेजारी उभं राहून सगळं गाणं म्हणून दाखवलं.

झोप हा त्यांचा तिसरा हट्ट. कुठल्याही पार्टीत साडेसात वाजले की ते उठत आणि लहान मुलं असलेल्या जोडप्यांसमोर त्यांचे कोट आणून ठेवत. बिर्याणीला अजून दम बसायचा असला तरी. "पोट्ट्यांची झोपेची बस सुटून राहिली. एकदा सुटली की मग रात्रभर स्टॉपवर उभे राहा." एवढ्यावर भागत नसे. आठ वाजता ते घरी फोन करत: "झोपला का?" निहार झोपलेला असायचा, फोनच्या आवाजानं उठायचा. "नाही झोपला? पाहा, मी काय म्हणलं होतं," आणि फोन ठेवून द्यायचे. शेवटी नवऱ्यानं आठच्या सुमारास फोनची वायर काढून ठेवायला सुरुवात केली. तर ते सायकलवरून बघायला आले.

हे सगळं करून निहारचं आजारपण थांबलं का? एकदम नाही थांबलं. पण घरातली हवा बदलत गेली, स्वेटर एकावर आला, झोप वेळेवर व्हायला लागली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात किटाचे फोन कमी झाले. नुसत्या शेंबडासाठी घरी ठेवायचं नसतं हेही मी तोवर शिकले होते. श्रेय कुणाचं ते मला माहीत नाही. काका म्हणत, "नव्या पंपाचं रनिंग-इन झालं."

त्याच दुसऱ्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. साताऱ्याहून येताना वेखंड, सुंठ, ओव्याच्या पुरचुंड्या, चार कानटोप्या आणि औषधाच्या दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची सिरपं असा सरंजाम होता. पहिल्याच रविवारी त्यांनी निहारला कानटोपी घातली, हनुवटीखाली गाठ मारली आणि दारात उभ्या राहिल्या. काका आले. मानेला बोटं लावायला गेले तर मान सापडेना.

"अहो, थंडी बाधेल त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, कानाला कानटोपी चालेल. पण ह्यात मान, गळा, अर्धं नाक सगळंच बंद झालं. पोरगा आहे का मुरांबा आहे?"

सासूबाईंना कुणी उलट बोललेलं चालत नसे. पण कुणी आई म्हटलं की त्यांचं अर्धं बळ जात असे. तह असा झाला की कानटोपी जंगलापर्यंत घालायची, पळायला लागला की काढायची. वेखंडाला काकांची हरकत नव्हती, फक्त उगाळून पोटात द्यायचं नाही. सिरपांचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. "डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय हे द्यायचं नाही. पंप गरम झाला म्हणून कोणी त्यात ऑइल ओततं का? आधी काहून गरम झाला ते पाहा." सासूबाईंनी बाटल्या स्वयंपाकघरातून हलवून आपल्या पिशवीत ठेवल्या. त्याला शरणागती म्हणायचं की साठेबाजी, हे आम्हाला कळलं नाही. पण पुढच्या रविवारी काकांच्या डब्यात सुंठीच्या वड्या होत्या.

आणि मग ती पार्टी.

फेब्रुवारीचे दिवस. आखनमध्ये कार्निव्हल जवळ आला की अख्ख्या गावाचं डोकं फिरतं. बँकेत कारकून ससा होऊन बसतो, बसचा ड्रायव्हर समुद्री चाचा होतो. किटाच्या कपडे बदलायच्या खोलीत निहारच्या मैत्रिणीची, लेनाची, आई मला भेटली. कात्या तिचं नाव. एकटी राहायची, मोकळी, हसरी, नेहमी घाईत. ती मला जर्मनमध्ये भरभर म्हणाली की शुक्रवारी दुपारी आमच्याकडे छोटीशी पार्टी आहे, निहारला घेऊन ये, आणि तुमच्या त्या माट्शकाकांनाही आण, त्यांना नक्की आवडेल. कसली पार्टी तेही तिनं सांगितलं. माझं जर्मन तेव्हा ऑफिसपुरतं होतं. मी ऐकलं 'मास्कन', म्हणजे मुखवटे. कार्निव्हलच्या दिवसांत दुसरं काय असणार?

मी निहारला पुठ्ठ्याचा वाघाचा मुखवटा केला. निहारनं हट्ट धरला की काकांनी गाजर व्हायचं. काका शुक्रवारी लवकर सुटत. ते म्हणाले, पोट्टा म्हणतो तर होतो. सासूबाईंनी आपली एक जुनी नारिंगी साडी फाडून त्यांच्यासाठी मानेपासून घोट्यापर्यंत झगा शिवला आणि डोक्यावर हिरव्या क्रेप कागदाचा तुरा. असे आम्ही निघालो: मी, वाघ आणि एक सहा फुटी गाजर. बसमध्ये कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. ड्रायव्हर "आलाफ" म्हणाला, कार्निव्हलचा रामराम असतो तसा, आणि काकांनी तुरा सावरत "आलाफ" म्हटलं.

कात्यानं दार उघडलं. मागे लेना नाइटगाऊनमध्ये उभी होती. चेहरा, गळा, कानामागचा भाग, सगळीकडे लाल लाल ठिपके. डोळे पाणावलेले. आतल्या खोलीतून आणखी एकदोन मुलांचे आवाज येत होते.

"किती छान रंगवलंय," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. वाघाच्या पट्ट्यांवर मी एवढा वेळ घालवला होता आणि हे ठिपके किती हुबेहूब होते.

कात्या हसली. "रंगवलेलं नाही, खरं आहे. कालच उठलंय. या ना आत. एकाच ग्लासातून सरबत प्यायला दिलं की होऊन जातं, मग जन्माची काळजी नाही."

मला अजूनही कळलं नाही. काकांनी विचारलं, "मासर्न?"

"या, मासर्न," कात्या जर्मनमध्ये हो म्हणाली.

मासर्न म्हणजे गोवर. काही आईबाप तेव्हा असं करत: एका मुलाला गोवर किंवा कांजिण्या आल्या की बाकीच्यांना मुद्दाम बोलवायचं, म्हणजे लहानपणीच उरकून जातं आणि शरीर कणखर होतं. लस नको, नैसर्गिक बरं. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की काकांनी खाली वाकून निहारला उचललं, त्याचं तोंड आपल्या नारिंगी पोटात दाबलं आणि जिना उतरायला लागले. मी हातातली भेट कात्याच्या हातात दिली, "माफ कर" असं काहीतरी पुटपुटले आणि मागे धावले.

"पण ते तर नैसर्गिकवाले आहेत ना?" कात्यानं मागून विचारलेलं मला ऐकू आलं. ती खरोखर गोंधळली होती.

बस स्टॉपवर पोचेपर्यंत ते थांबले नाहीत. तुरा जिन्यातच पडला होता. निहारला हा खेळच वाटत होता, तो हसत होता. काकांचा चेहरा मात्र पांढराफटक.

"ह्याची दुसरी लस झाली?"

पहिली नवव्या महिन्यात पुण्यात झाली होती. दुसरी इकडे यायच्या गडबडीत राहिली आणि मग आज ताप, उद्या खोकला, असं करत राहूनच गेली. मी तसं सांगितलं.

"चला," ते म्हणाले. "डॉक्टर पाचपर्यंत असते."

मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गोवर हा शब्द उच्चारताच स्वागतिकेनं आम्हाला प्रतीक्षालयातून बाहेर काढलं आणि मागच्या जिन्यानं एका अरुंद बोळात नेऊन बसवलं. तिथे फळीची एकच खुर्ची होती. त्यावर गाजर बसलं आणि गाजराच्या मांडीवर वाघ. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मी म्हटलं, "काका, तुम्हाला काही होणार नाही ना?"

"मला येऊन गेला, वहिनी. लहान होतो." ते थोडा वेळ निहारच्या मुखवट्याच्या मिशा सरळ करत बसले. "आम्हा दोघांनाही एकदमच आला. मला आणि माझ्या बहिणीला. बेबी म्हणत होतो तिला. मी उठलो. तिच्या छातीत भरलं."

मी निहारचा निसटलेला बूट त्याच्या पायात सारला.

"आईनं कडुनिंबाचा पाला अंथरला, दार लावून घेतलं, कोणाला आत येऊ दिलं नाही. डॉक्टरलाही नाही. आईनं काही कमी केलं नाही. तिला जे माहीत होतं ते सगळं केलं. मी तिला खिडकीतून चिंचा दाखवत होतो, लवकर उठशील तर देतो म्हणून."

निहारनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्याला मराठी सगळं समजत असे, बोलायचा जर्मन. "काका, बिस्ट दू म्यूडं?" दमलात का, त्यानं विचारलं.

"या," काका म्हणाले. "गाजर दमलं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पहिला डोस झालाय हे चांगलं, दारातच परतलात हे त्याहून चांगलं, दुसरा आत्ताच देऊन टाकू, आणि दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा, म्हणाल्या. दार अरुंद आणि झगा मोठा म्हणून काका बोळातच बसून राहिले.

ते आठवडे आमच्या घरात कसे गेले ते सासूबाईंना विचारावं. रोज सकाळी त्या निहारला खिडकीशी उजेडात उभा करून त्याचं पोट, पाठ, कानामागे सगळं तपासत. आता खिडकी उघडायला त्यांची ना नव्हती. आठचा फोन यायचा, पण प्रश्न बदलला होता: "काही उठलं का?" आम्ही वायर काढणं बंद केलं होतं. एका सकाळी सासूबाईंची हाक आली आणि मी हातातलं दूध तसंच गॅसवर सोडून धावले. निहारच्या पोटावर लाल ठिपके होते, चांगले मोठे. मी फोनकडे गेले. सासूबाईंनी देवाचं नाव घेत एका ठिपक्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा बघितला. मग दुसऱ्यावर फिरवला. स्केचपेन होतं. निहार म्हणाला, मी लेना झालोय.

मी खाली बसून हसले आणि मग थोडी रडलेसुद्धा. दूध उतू गेलं होतं.

निहारला काही झालं नाही. लेनाला मात्र झालं. तिचा ताप उतरेना, न्यूमोनिया झाला, तिला काही दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. घरी आली तेव्हा इतकी अशक्त की जिना चढवत नव्हता. किटातले आईबाप कात्याशी बोलेनासे झाले. त्या दिवशी जी मुलं आत खेळत होती त्यांच्या आया तर रस्ता ओलांडून पलीकडे जात. मीही तिच्यावर चिडले होते. खोटं कशाला बोलू, चांगलीच चिडले होते.

काका तिच्याकडे जायला लागले. हे मला त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, कारण त्या रोज त्यांच्यासोबत मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण पाठवत होत्या. मला न विचारता. "लोकांचं असलं म्हणून काय, पोर आहे," म्हणाल्या. काका कामावरून सुटले की तिकडे जात, कात्याला दोन तास झोपू देत, आणि पडदे ओढलेल्या खोलीत लेनाजवळ बसून राहत. उजेड तिच्या डोळ्यांना सहन होत नव्हता. तिला ते पंपांच्या गोष्टी सांगत. एक पंप होता, तो कधी बिघडतच नव्हता, म्हणून त्याला कुणी भेटायला येत नसे, अशी एक गोष्ट लेनानं पुढे निहारला सांगितली.

मी काकांना विचारलं, "तुम्ही कात्याला काही बोलला नाहीत? एवढं केलं तिनं."

ते डबा धूत होते. आमच्याकडे डबा ते धुऊनच परत देत.

"काय बोलू? ती रात्रभर स्वतःलाच बोलून राहिली. माझ्या आईलाही सगळे बोलले होते, वहिनी. त्यानं बेबी थोडीच परत आली." त्यांनी डबा पालथा घातला. "तिला पोरीचं भलंच करायचं होतं. कसं करायचं ते चुकलं. त्याच्यात माझाही हात आहे ना. मीच सगळ्यांना सांगत होतो, चिखलात खेळू द्या, शरीर आपोआप शिकते. अर्धंच सांगत होतो."

तेव्हापासून रविवारच्या सहलीला एक नवा नियम झाला. लसीचं पिवळं पुस्तक दाखवल्याशिवाय जंगलात प्रवेश नाही. आधी आईबापांना वाटलं गंमत करतायत. पण ते जंगलाच्या तोंडाशी टोल नाक्यासारखे उभे राहायचे. "चिखलात खेळायचं तर धनुर्वाताची लस पाहिजे. गोवराची पाहिजे. नसेल तर आज घरी जा, सोमवारी डॉक्टरकडे जा, पुढच्या रविवारी या. चिखल कुठे पळून नाही राहिला." दोन कुटुंबं रुसली. पुढच्या महिन्यात पुस्तकं घेऊन आली.

सासूबाई मार्चच्या शेवटी परत गेल्या. जाताना काकांसाठी एक स्थळ सुचवून गेल्या, साताऱ्याची एक शाळामास्तरीण, वय जुळणारं. काका म्हणाले, "आई, आता या वयात तेवढी प्रतिकारशक्ती राहिली नाही." सासूबाई विमानतळापर्यंत हसत होत्या. माझा करारही उन्हाळ्यात वाढला. बॉस म्हणाला, तुझा फोन हल्ली वाजत नाही, बिघडलाय का?

आता काका निवृत्त होऊन नागपूरला असतात. बुद्धपौर्णिमेला फोन करतात, खीर केली म्हणून सांगतात आणि विचारतात की निहार किती वाजता झोपतो. निहार आता वीस वर्षांचा होईल, हायडेलबर्गला शिकतो आणि किती वाजता झोपतो ते विचारायची माझी हिंमत होत नाही.

पण मला त्यांची सगळ्यात जास्त आठवण येते ती एका गोष्टीमुळे, आणि ती मी स्वतः बघितलेली नाही. कात्यानं सांगितली.

मे महिना होता. लेना बरी झाली होती, गालांवर रंग परत आला होता, आणि तिला रविवारी जंगलात यायचं होतं. कात्यानं तिला जन्मापासून कुठलीच लस दिलेली नव्हती. आता द्यायची होती. पण त्याच डॉक्टरीणबाईंसमोर एकटीनं जाऊन उभं राहायची तिला लाज वाटत होती. तिनं काकांना विचारलं, सोबत येता का? ते लगेच हो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, टाय आणि कोट घालून आले, शिंकत. वाटेत लेनाला समजावत होते की काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होते, तुझा पंप आता शिकून तयार होणार.

आत गेल्यावर लेना कात्याच्या मांडीवर बसली. काकांनी कात्याचा दुसरा हात धरला. घट्ट धरला. कात्या मला म्हणाली, "मला वाटलं, मला धीर देतायत. माझे डोळे भरून आले." डॉक्टरीणबाईंनी सुई बाहेर काढली, लेनानं ती नीट बघितली आणि दंड पुढे केला. तेवढ्यात कात्याला जाणवलं की तिचा हात कुणीतरी खाली ओढतंय. काका हळूहळू, अगदी सभ्यपणे, भिंतीला घासत घासत खाली चालले होते. जमिनीवर टेकले तेव्हा डोळे पांढरे झाले होते.

सगळा दवाखाना धावला. त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले, टाय सैल केला, गार पाण्याची पट्टी कपाळावर ठेवली. ते शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई, कात्या आणि लेना अशा तिघी वाकून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिली का?"

"दिली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"रडली का?"

"नाही."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

शूर मुलांना त्या दवाखान्यात एक स्टिकर मिळायचा, सिंहाचा, सोनेरी कडेचा. लेनाला तो मिळाला होता. ती काकांशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली, स्टिकर सोलला आणि त्यांच्या कोटाच्या खिशावर चिकटवून वरून हातानं थापटला.

तो कोट ते ऑफिसला घालत. उन्हाळा संपेपर्यंत सिंह तिथेच होता, कडा जरा निघालेल्या. कारखान्यात कुणी विचारलं तर खरं ते सांगत: "लशीच्या वेळी रडलो नाही म्हणून मिळाला." कुणाच्या लशीच्या वेळी, हे कुणी विचारत नसे.